घरांतील फ्रीज बिघडल्यास काय करावें ?

शेतकऱ्याच्या घरीं पूर्वीं थंडाव्याची सोय म्हणजे माठ, ओलें फडकें आणि दुधाच्या भांड्याखालची पाण्याची परात, एवढीच असे. आज गांवापासून दूर असलेल्या वस्तीवरहि फ्रीज पोहोंचला आहे, आणि त्यांत केवळ पाण्याच्या बाटल्या व कोथिंबीर असते असें नाहीं. संकलनास न गेलेलें दूध, कढविण्यासाठीं साठविलेलें लोणी, घरांतील वृद्ध माणसाचें इन्सुलिन आणि कित्येक घरीं जनावरांची लाळ्या-खुरकुताची लस हीं सर्व त्या एका कपाटावर विसंबून असतात. तें बंद पडलें म्हणजे तालुक्याहून कारागीर येईपर्यंत दोन दिवस जातात. आणि तो आला म्हणजे बहुधा एकच वाक्य बोलतो कीं, ‘गॅस गेला.’ तें खरें किती व खोटें किती हें घरच्या माणसास कळत नसल्यामुळें तो मागेल तितके पैसे द्यावे लागतात.

जो शेतकरी आपल्या विहिरीवरील मोटारीचा स्टार्टर उघडून पाहतो त्यास फ्रीजचें भय वाटण्याचें कारण नाहीं. मात्र हात कोठें घालावा आणि कोठें घालूं नये हें त्यास आधीं समजलें पाहिजे. तेवढ्यासाठींच आम्ही हा लेख लिहीत आहों.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. फ्रीज थंडी उत्पन्न करीत नाहीं; तो आंतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. माठाच्या अंगावरून पाणी झिरपतें आणि त्याची वाफ होतांना ती माठांतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. फ्रीजमध्येंहि हेंच घडतें. भेद इतकाच कीं, माठाचें पाणी हवेंत निघून जातें, आणि फ्रीजमधला द्रव बंद नळींतच फिरत राहतो. बर्फाच्या कप्प्याभोंवतींच्या नळींत त्या द्रवाची वाफ होते व ती तेथील उष्णता उचलते. फ्रीजच्या मागें तळाशीं जो काळा गोल डबा असतो, ज्यास कॉम्प्रेसर म्हणतात, तो ही वाफ ओढून दाबतो. दाबलेली वाफ तापते. ती मागच्या काळ्या जाळीच्या नळींतून फिरत असतां आपली उष्णता खोलींत सोडते आणि पुनः द्रव होते. मग एका अतिशय बारीक नळींतून तो द्रव आंत परत जातो. ईथरची वाफ करून थंडी आणण्याचा प्रयोग स्कॉटलंडांतील विल्यम कलन यानें अठराव्या शतकांत केला, आणि बंद चक्रानें चालणाऱ्या यंत्राचें पेटंट जेकब पर्किन्स यानें इंग्लंडांत १८३४ सालीं घेतलें. आज आपल्या स्वयंपाकघरांत उभें असलेलें यंत्र तत्त्वतः तेंच आहे.

हें चक्र नीट समजलें म्हणजे बिघाड शोधण्याची दिशाहि आपोआप मिळते. उष्णता बाहेरून आंत शिरत असेल, किंवा आंतली बाहेर पडत नसेल, किंवा कॉम्प्रेसर चालत नसेल, किंवा नळींतला द्रवच निसटला असेल. यांपैकीं पहिल्या दोहोंचा उपाय कोणासहि घरीं करतां येतो, तिसऱ्याचा पुष्कळ अंशीं करतां येतो, आणि चौथ्याचा मुळींच करूं नये. बंद पडलेल्या किंवा नीट न गारणाऱ्या फ्रीजांत पहिल्या तीन कारणांचा वांटा किती मोठा असतो याची लोकांस कल्पना नसते.

कांहींहि उघडण्यापूर्वीं वीज तपासावी. फ्रीजच्या जागीं त्याच सॉकेटांत दुसरा दिवा लावून पाहावा. दिवा लागला तरी तेवढ्यानें समाधान मानूं नये, कारण दिवा कमी दाबावरहि लागतो, कॉम्प्रेसर मात्र चालत नाहीं. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट ठरलेला आहे. परंतु लाईनच्या शेवटच्या टोकास असलेल्या वस्तीवर शिवारांतील पंप एकदम सुरू झाले म्हणजे तो पुष्कळ खालीं उतरतो. अशा वेळीं फ्रीजच्या मागें कान देऊन ऐकावें. ‘टक्’ असा आवाज होतो, क्षणभर गुरगुर होते, पुनः ‘टक्’ होऊन शांतता, आणि कांहीं मिनिटांनीं तेंच सर्व पुनः. याचा अर्थ मोटार फिरण्याचा प्रयत्न करीत आहे, तिला जोर पुरत नाहीं, आणि ती जळूं नये म्हणून तिच्यावर बसविलेला रक्षक तिची वीज तोडीत आहे. असें तासन् तास चालूं दिल्यास शेवटीं मोटारीची गुंडाळी जळते, आणि मग शंभर रुपयांच्या तपासणीचें काम हजारों रुपयांवर जातें. हा आवाज आल्याबरोबर प्लग काढावा व मीटरनें दाब मोजावा. दाब कमी असल्यास फ्रीजमध्यें कांहींहि बिघडलेलें नाहीं.

भारनियमनाच्या गांवांतील दुसरी एक गोष्ट येथेंच सांगतों. वीज जाऊन लगेच आली तर कॉम्प्रेसरच्या एका बाजूस अद्याप मोठा दाब असतो, आणि त्या दाबाविरुद्ध मोटारीस फिरतां येत नाहीं. दोन्ही बाजूंचा दाब समान होण्यास तीन ते पांच मिनिटें लागतात. म्हणून वीज गेली कीं फ्रीजचें बटण बंद करावें आणि ती आल्यावर पांच मिनिटें थांबून मग लावावें. हें काम आपोआप करणारा, म्हणजे उशिरानें वीज सोडणारा, स्टॅबिलायझर मिळतो. जेथें दाब वारंवार वरखालीं होतो तेथें तो घेणें शहाणपणाचें आहे. घेतांना तो कमीत कमी किती व्होल्टपर्यंत काम करतो हें पाहून घ्यावें, कारण शहरांतील घरासाठीं केलेला स्टॅबिलायझर वस्तीवर उपयोगी पडेलच असें नाहीं.

वीज ठीक असून कॉम्प्रेसरहि चालत आहे, पण आंत हवी तशी थंडी नाहीं, अशी तक्रार सर्वांत अधिक. येथें प्रथम मागची जाळी पाहावी. आपल्या घरांत भुसा, कापसाची तूस, चुलीचा धूर, पिठाची धूळ यांची वाण नाहीं. वर्ष-दोन वर्षांत त्या जाळीवर कांबळ्यासारखा थर बसतो, आणि उष्णता बाहेर पडण्याची वाट बंद होते. प्लग काढून मऊ ब्रशानें ती जाळी वर्षांतून दोनदां साफ करावी. अलीकडील पुष्कळ फ्रीजांस मागें जाळी नसते. नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आंत बसविलेल्या असतात व त्यामुळें बाजूचा पत्रा हातास गरम लागतो. तो गरम लागणें हा बिघाड नव्हे, उलट यंत्र काम करीत असल्याचें तें लक्षण आहे. असा फ्रीज दोन पोत्यांच्या थप्पींमध्यें चेपून ठेवणें, किंवा त्यावर चारी बाजूंनीं नक्षीची खोळ घालणें, म्हणजे घाम आलेल्या माणसास घोंगडी पांघरण्यासारखें आहे. भिंत व फ्रीज यांत वीतभर अंतर असावें. चुलीजवळ किंवा पश्चिमेच्या उन्हांत तो ठेवूं नये.

मग दार पाहावें. दाराच्या कडेस जी रबराची पट्टी असते तिच्यांत लोहचुंबक असून ती दार घट्ट धरून ठेवते. कागदाचा एक तुकडा दारांत धरून दार लावावें आणि तो ओढून पाहावा. सहज सुटला तर तेथून बाहेरची गरम हवा आंत शिरत आहे. चारी बाजूंस, विशेषतः बिजागरीकडच्या बाजूस, असें पाहात जावें. पट्टी मळल्यानें किंवा तिच्यांत साखरेचा पाक सुकल्यानेंच पुष्कळदां हा दोष होतो. कोमट पाण्यांत साबण घालून ती पुसून काढावी. पट्टी वाकली असल्यास गरम पाण्यांत पिळलेलें फडकें तिच्यावर कांहीं वेळ धरावें, म्हणजे ती मऊ होऊन सरळ होते. फाटली असल्यास मात्र त्याच बनावटीची नवी आणावी. ती बहुधा खोबणींत दाबून बसवावयाची असते, आणि हें काम घरांतील तरुण मुलगा अर्ध्या तासांत करूं शकतो. फरशी उंचसखल असल्यास फ्रीजचे पुढचे पाय किंचित् वर करावे, म्हणजे दार आपल्याच भारानें मिटतें.

बर्फाचा थर हा तिसरा शत्रु. साध्या एका दाराच्या फ्रीजांत वरच्या कप्प्याभोंवतीं पाव इंचाहून जाड बर्फ सांचूं लागला म्हणजे तो बर्फच थंडी अडवूं लागतो, हें पुष्कळांस विचित्र वाटेल, पण तें खरें आहे. तो काढण्यासाठीं बटण दाबून किंवा प्लग काढून दार उघडें ठेवावें, आणि घाई असल्यास आंत गरम पाण्याचें पातेलें ठेवावें. सुरी, विळी, पेचकस यांपैकीं कांहींहि त्या बर्फास लावूं नये. त्या कप्प्याच्या पत्र्यांतूनच द्रवाची नळी गेलेली असते; एक टोंचा लागला कीं ‘फुस्’ असा आवाज होऊन सर्व गॅस निघून जातो, आणि बर्फाच्या एका वाटीपायीं कप्पाच बदलावा लागतो. गृहिणींस हें एकदां नीट समजावून सांगणें पुरुषमंडळींचें कर्तव्य आहे. आमच्या पाहण्यांत मात्र सुरी चालविणारांत पुरुषच अधिक आढळतात.

ज्या दोन दारांच्या फ्रीजांत बर्फ जमत नाहीं असें म्हणतात, त्यांत तो जमतो, पण दृष्टीस पडत नाहीं. मागच्या पडद्याआड एक लहानसा हीटर तो ठराविक वेळीं वितळवीत असतो. वरचा कप्पा गार आणि खालचा भाग कोमट अशी स्थिति झाल्यास हवेची वाट बर्फानें बुजली आहे असें समजावें. सर्व सामान काढून, प्लग उपटून, दोन्ही दारें उघडीं ठेवून पुरा एक दिवस फ्रीज तसाच राहूं द्यावा. त्यानंतर तो नीट चालला आणि आठ-पंधरा दिवसांनीं तीच व्याधि उलटली, तर हीटर, त्याचा ताप ओळखणारा भाग किंवा त्याचें घड्याळ यांपैकीं एक निकामी झालें आहे हें निश्चित. कारागिरास नेमकें हेंच सांगावें. त्याचे शोधण्याचे कष्ट वांचतात, आणि आपल्यास यांतलें कांहीं कळतें हेंहि त्याच्या ध्यानांत येतें.

आंत किंवा खालीं पाणी सांचत असल्यास मागच्या भिंतीच्या तळाशीं असलेलें लहान भोंक बुजलेलें असतें. कोमट पाणी सोडून व मऊ नळी फिरवून तें मोकळें करावें. हें पाणी मागें कॉम्प्रेसरवरील तबकडींत पडतें व तेथील उष्णतेनें आटतें. ती तबकडी दर आठवड्यास रिकामी करून पुसावी. डेंग्यूचा डांस अशाच स्वच्छ सांचलेल्या पाण्यांत अंडीं घालतो, आणि घराबाहेरचीं डबकीं बुजविणाऱ्यांच्याहि घरांत तो येथें सुखानें वाढतो.

आतां कॉम्प्रेसर मुळींच चालत नसेल त्या वेळचा विचार करूं. आंतला दिवा लागतो, विजेचा दाब ठीक आहे, पण आवाज नाहीं. थंडी कमीजास्त करण्याचें बटण शून्यापासून शेवटपर्यंत फिरवावें. मधें कोठें तरी ‘टक्’ असें वाजलें पाहिजे. यापुढचें काम प्लग हातानें काढून तो डोळ्यांसमोर ठेवल्याखेरीज करूं नये. भिंतीवरचें बटण बंद केलें आहे एवढ्यावर विसंबूं नये, कारण आपल्याकडील वायरिंगांत कित्येक ठिकाणीं बटण भलत्याच तारेवर बसविलेलें असतें. कॉम्प्रेसरजवळ कपॅसिटर असल्यास त्यांत प्लग काढल्यावरहि वीज शिल्लक राहते. बल्बाच्या होल्डराच्या दोन तारा त्याच्या दोन टोंकांस लावून ती आधीं उतरवावी.

कॉम्प्रेसरच्या बाजूचें लहान झांकण काढलें म्हणजे तीन खुंट्या दिसतात. त्यांवर चालू करणारा रिले आणि वर सांगितलेला रक्षक बसविलेले असतात. रिले काढून कानाजवळ हलवावा. आंत कांहीं खुळखुळलें किंवा जळका वास आला तर तो गेला आहे. हा भाग फार महाग नसतो, परंतु कॉम्प्रेसरच्या लेबलावरील आंकडे लिहून नेऊन तंतोतंत तसाच आणावा. रक्षक गार असतां मीटरवर त्याच्या दोन टोंकांत वाट मिळाली पाहिजे. नंतर तीन खुंट्यांमधील अवरोध दोन-दोन करून मोजावा. तीन आंकडे येतील, आणि दोन लहान आंकड्यांची बेरीज तिसऱ्या मोठ्या आंकड्याइतकी भरली पाहिजे. ती भरली व कोणत्याहि खुंटीपासून कॉम्प्रेसरच्या अंगाकडे वाट नसली, तर मोटार शाबूत आहे असें समजावें आणि ‘कॉम्प्रेसर बदला’ असें सांगणारास तो आंकडा दाखवावा. झांकण उघडलेलें असतांनाच उंदरांनीं तारा कुरतडल्या आहेत काय हेंहि पाहावें. खेड्यांतील फ्रीजांत हें कारण शहरवासीयांस वाटेल त्याहून पुष्कळ अधिक वेळां निघतें. इन्व्हर्टर जातीच्या फ्रीजांस मात्र ही परीक्षा लागू नाहीं. त्यांत इलेक्ट्रॉनिक पाटी असून तिच्यांत घातक दाबाची वीज सांठलेली राहते; तिला हात लावूं नये.

फ्रीजच्या अंगास हात लावतांच मुंग्या येणें ही गोष्ट पुष्कळ घरीं चालवून घेतली जाते. पायांत चप्पल घालूनच फ्रीज उघडावयाचा अशी त्या घरांत चाल पडते, आणि एखादे दिवशीं ओल्या पायांचें लहान मूल तेथें जातें. हा फ्रीजचा स्वभाव नव्हे. एक तर आंतली तार कोठें उघडी पडली आहे, आणि दुसरें म्हणजे घराची अर्थिंग नाहीं किंवा सुकली आहे. तीन खुंट्यांचा प्लग लावला म्हणजे अर्थिंग झाली असें नाहीं. तिसरी तार जमिनींतल्या पट्टीपर्यंत खरोखर पोहोंचली पाहिजे. तोंवर फ्रीज बंदच ठेवावा. दूध नासलें तर नासूं द्यावें. शिवाय ३० मिलिअँपिअरवर तुटणारें गळतीरक्षक बटण मीटरजवळ बसवून घ्यावें. तें घरांतल्या सर्वांसच उपयोगी पडतें.

राहिला गॅस. पहिल्या फ्रीजांत अमोनिया, गंधकाचा डायऑक्साइड असे विषारी वायु असत. १९२८ च्या सुमारास अमेरिकेंत थॉमस मिजली व त्याच्या सहकाऱ्यांनीं न जळणारा, बिनविषारी असा फ्रिऑन शोधला व फ्रीज घरोघर गेला. पुढें १९७४ सालीं मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनीं या जातीचे वायु वातावरणांतील ओझोनचा थर खातात असें दाखविलें, आणि १९८७ च्या माँट्रियल करारानें ते हळूहळू बंद झाले. आजच्या पुष्कळशा नव्या घरगुती फ्रीजांत आर ६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. हा आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ असून तो पेट घेतो, आणि सिलिंडरच्या गॅसास मुद्दाम दिलेला वास यास नसतो. फ्रीजमध्यें तो थोडे ग्रॅमच असतो, तरी नळीजवळ ज्योत नेण्याचें काम घरीं कदापि करूं नये. गळतीचा संशय आल्यास ठिणगी पडूं नये म्हणून कोणतेंहि बटण न दाबतां आधीं दारें-खिडक्या उघडाव्या.

‘गॅस संपला’ हा शब्दप्रयोगच चुकीचा आहे. नळी बंद असते. तेल जळावें तसा गॅस खर्च होत नाहीं. तो कमी झाला असेल तर कोठें तरी छिद्र आहेच. तें न शोधतां जो कारागीर वरून गॅस भरतो, तो आपल्यास कांहीं महिन्यांनीं पुनः त्याच कामाचे पैसे देण्यास लावतो. म्हणून त्यास विचारावें कीं, छिद्र कोठें सांपडलें, गाळणी नवी बसविणार काय, भरण्यापूर्वीं नळी पंपानें निर्वात करणार काय, आणि लेबलावर लिहिलेलें वजन तो कांट्यावर मोजून भरणार काय. ज्याच्यापाशीं बारीक कांटा नाहीं त्याच्याकडून हें काम करवूं नये; इतक्या थोड्या ग्रॅमांत अंदाज चालत नाहीं. छिद्र भिंतीच्या फोमाच्या आंत असल्यास दुरुस्ती बहुधा फायद्याची होत नाहीं.

फ्रीज दुरुस्त होईपर्यंत दार उघडूं नये. मिटलेल्या दारांत सुमारें चार तास थंडावा टिकतो, आणि तळाशीं पाण्याच्या भरलेल्या बाटल्या असल्यास अधिक. जनावरांची लस व इन्सुलिन हीं २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येंच ठेवावयाचीं असतात. दारांतल्या कप्प्यांत नव्हे, बर्फाला टेकून तर नव्हेच, कारण लाळ्या-खुरकुताची लस गोठली म्हणजे निरुपयोगी होते. बिघाडाच्या दिवशीं तीं बर्फाच्या पेटींत हलवावीं, पण बर्फ व बाटली यांच्यामध्यें जाड कापड असावें. लस किती वेळ कोमट राहिली हें नक्की ठाऊक नसेल तर ती अंदाजानें टोंचूं नये; पशुवैद्यास विचारावें. एक साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यांत घालून मधल्या कप्प्यांत कायम ठेवल्यास हा प्रश्न पुष्कळदां पडतच नाहीं.

दुरुस्तीस नेतांना फ्रीज उभाच न्यावा. आडवा न्यावा लागलाच तर घरीं आणल्यावर कांहीं तास उभा ठेवून मग वीज द्यावी, म्हणजे कॉम्प्रेसरचें तेल जागेवर येतें. जो फ्रीज दुरुस्तीपलीकडे गेला असेल त्याची पेटी टाकून देऊं नये. गॅस व कॉम्प्रेसर कारागिराकडून काढवून घेतल्यावर ती उत्तम उंदीरबंद कोठी होते, आणि नीट वाळवून डब्यांत भरलेलें बियाणें तींत पोत्यापेक्षां बरें राहतें. पण तसें करण्यापूर्वीं, आणि ती नुसती अंगणांत ठेवावयाची असली तरीहि, तिचें कुलूप काढून टाकावें व रबराची पट्टी उपटून दार आंतून ढकलतांच उघडेल असें करावें, कारण खेळतां खेळतां मुलें अशा पेटींत लपतात.